हलका दमा, निळा पंप आणि "सवय लागते का?" – एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. पोरगी १९ वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करून राहिली, ८०० मीटर धावली की शेवटी शेवटी छाती आवळून येते आणि शिट्टीसारखा आवाज निघतो, थंडीच्या पहाटे कोरडा खोकला, महिन्यातून दोन-तीनदा त्रास आणि बाकी दिवस एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी हलका दमा आहे सांगून साल्ब्युटामॉलचा निळा पंप लिहून दिला, लागेल तेव्हा दोन पफ. आता घरात आजी म्हणते पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा तोंडाला लागला की सुटत नाही, आणि तुमचं म्हणणं की डेरिफायलिनच्या गोळीने भागत असेल तर पंप कशाला. आणि सगळ्यात शेवटी, अर्ध्या ओळीत, पोरीच्या लग्नाचं काय.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षांपासून प्रॅक्टिस करतो. कापसाचा पट्टा, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर जिनिंग, ऑक्टोबरात सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं की बाकावर निम्मे लोक छातीवर हात ठेवून बसलेले. हे प्रश्न मला रोज एक-एक करून येतात, तुम्ही सगळे एकदम विचारले म्हणून सविस्तर लिहितो. पोरीलाही वाचायला द्या, औषध तिला घ्यायचं आहे.

पहिलं, सवय. नाही लागत. दारू-तंबाखूची जशी तलफ येते तसं या औषधात काही नाही. मग लोकांना तसं काहून वाटते? कारण दमा हा वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे, पंप थांबवला की काही दिवसांनी त्रास परत येतो आणि लोक म्हणतात पाहा, पंपाशिवाय राहवत नाही. अहो चष्मा काढला की धूसर दिसतं, म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले असं आपण म्हणतो का? आणि "शेवटचं औषध" ही समजूत कुठून आली तेही मला माहीत आहे, पूर्वी आपल्याकडे दमेकऱ्याला आधी गोळ्या, मग सुया, मग सलाईन आणि सगळं थकल्यावर पंप द्यायचे, मग पंप हातात असलेला माणूस वर्षा-दोन वर्षात गेला की नाव पंपाचं व्हायचं. क्रमच उलटा होता.

आता गोळी का नको. साधा हिशोब करा. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची येते, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम, दोन पफ म्हणजे २००. औषध तेच, पण गोळीतून २० पट जास्त पोटात जातं, तिथून रक्तात, हृदयात, हातापायात सगळीकडे फिरतं आणि त्यातला थोडा हिस्सा फुफ्फुसाला मिळतो. म्हणूनच गोळी घेतली की हात थरथरतात, छातीत धडधड होते, झोप उडते, आणि गुण यायला अर्धा तास तरी जातो. पंपाने पाच मिनिटात श्वास मोकळा होतो आणि चार-सहा तास राहतो. वावराच्या एका कोपऱ्यात गवत झालं म्हणून कोणी पूर्ण वावरावर तणनाशक मारत नाही ना.

डेरिफायलिनचं आणखी वेगळं. त्यात थिओफायलिन जातीचं औषध आहे, उपयोगी पडणारा डोस आणि त्रास देणारा डोस यांच्यात फार अंतर नाही, आणि वरून कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं, जे आपल्याकडे सर्दी-जुलाबाला सर्रास देतात, तर रक्तातलं प्रमाण वाढते आणि उलट्या, धडधड सुरू होते. १९ वर्षांच्या पोरीला, जिचा दमा हलका आहे, तिला ही गोळी रोज देण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

तर पंप हवा हे नक्की. पण भाऊ, आता जे लिहितो त्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. नुसता निळा पंप पुरेसा नाही.

दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासनळीच्या भोवती जो बारीक स्नायू असतो तो आवळला जातो, ही एक. आणि नळीला आतून सूज येते, चिकट कफ धरतो, ही दुसरी. साल्ब्युटामॉल फक्त पहिलं काम करतं, स्नायू सैल करतं. सुजेला ते हातही लावत नाही. पोरीला बरं वाटतं, ती धावते, आणि आतली सूज तिथंच बसलेली असते, एखाद्या दिवशी धुरळा जास्त झाला किंवा सर्दी उतरली की तीच सूज भडकते. आणि सूज वाढत असताना माणूस पफ वाढवत जातो. रोज रोज साल्ब्युटामॉल घेतल्याने उलट त्याचा असर कमी व्हायला लागतो आणि नळी आणखी चिडखोर होते, हे आठ-पंधरा दिवसातच दिसायला लागतं.

"हलका" या शब्दाने आपण सगळे फसतो, डॉक्टरसुद्धा. दम्याने दगावलेल्या मोठ्या माणसांचा अभ्यास झाला तेव्हा त्यातल्या १५ ते २७ टक्के लोकांना आधीच्या तीन महिन्यात आठवड्यातून एकदासुद्धा त्रास नव्हता. म्हणजे कागदावर हलकाच दमा. 

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली, २६-२७ वर्षांचा पोरगा, प्रवासी गाडी चालवायचा, दमा हलका, मीच त्याला साल्ब्युटामॉल लिहून दिलं होतं, लागेल तेव्हा दोन पफ, त्या काळी आम्ही सगळे असंच लिहायचो. तो परत आलाच नाही, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पंप घेत राहिला. दिवाळीनंतर एका रात्री त्याला आणलं, ओठ निळसर, शर्ट घामाने चिंब, खांदे वर-खाली होऊन राहिले आणि एक शब्द बोलता येईना. मुठीत पंप होता, तो मी काढायला गेलो तर बोटं सोडेनात. नेब्युलायझर, ऑक्सिजन, सुया सगळं केलं आणि यवतमाळला पाठवलं, वाटेत गेला. नंतर त्याच्या भावाने गाडीच्या डॅशबोर्डमधले रिकामे पंप आणून माझ्या टेबलावर ठेवले, अकरा होते. एका पंपात २०० पफ असतात. अकरा पंप संपले आणि एकाही माणसाने, त्याच्यात मीही आलो, त्याला विचारलं नाही की एवढे का लागून राहिले. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागले तर मोठा अटॅक यायचा धोका वाढतो आणि १२ च्या वर गेले तर जिवाचा, हे आता पुस्तकात छापलेलं आहे. मला ते डॅशबोर्डमधल्या पंपांनी शिकवलं.

आता जगभरात काय बदललं ते सांगतो, कारण तुमच्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणत नाही, ५० वर्षं हीच पद्धत होती, साल्ब्युटामॉल १९६९ साली बाजारात आलं तेव्हापासून. दम्यावर जिना नावाची एक जागतिक संस्था १९९३ पासून काम करते, तिची मार्गदर्शक तत्त्वं सगळे छातीचे डॉक्टर पाहतात. तिने २०१९ साली स्पष्ट सांगितलं की १२ वर्षांच्या वरच्या कोणालाही नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, दमा कितीही हलका असो. यामागे सिग्मा नावाच्या दोन मोठ्या चाचण्या होत्या, २०१८ साली छापून आल्या. पहिलीत साधारण ३८०० लोक होते, सगळे हलक्या दम्याचे. काहींना लागेल तेव्हा नुसता आराम देणारा पंप, काहींना रोज दोनदा स्टिरॉइडचा पंप, आणि काहींना लागेल तेव्हाच, पण असा पंप ज्यात फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड दोन्ही आहेत. या तिसऱ्या गटात नुसत्या आराम देणाऱ्या पंपापेक्षा मोठे अटॅक ६४ टक्क्यांनी कमी झाले. आणि स्टिरॉइड किती गेलं? रोज घेणाऱ्यांच्या जवळपास सहाव्या हिश्श्याइतकंच. खरं ते सांगायचं तर रोज घेणाऱ्यांचं रोजचं दुखणं-खुपणं थोडं जास्त आटोक्यात होतं, पण रोज, त्रास नसताना, महिनोन्महिने पंप कोण घेतं? माझ्या २६ वर्षात फार थोडे पेशंट पाहिले.

फॉर्मोटेरॉल हे साल्ब्युटामॉलसारखंच नळी मोकळी करतं, दोन-तीन मिनिटात, आणि असर जवळपास १२ तास टिकतो. बुडेसोनाइड सुजेवर काम करतं. म्हणजे ज्या दिवशी नळी चिडली त्याच दिवशी तिला दोन्ही औषधं एका पफमध्ये मिळतात, वेगळी आठवण ठेवायची गरज नाही. तुमच्या पोरीसाठी मी हेच लिहिलं असतं, फॉर्मोटेरॉल ६ आणि बुडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम असलेला, आपल्याकडे फोराकोर्ट २०० वगैरे नावांनी मिळतो, त्रास झाला की एक पफ, काही मिनिटात बरं नाही वाटलं तर आणखी एक. जिनाची एका दिवसाची कमाल मर्यादा १२ पफ आहे, पण मी माझ्या पेशंटला सांगतो की दिवसात सहा लागले की माझ्याकडे यायचं, बाराची वाट पाहायची नाही. दुकानदाराने कॉम्बिनेशन म्हणून सालमेटेरॉलवाला पंप हाती दिला तर तो यासाठी चालत नाही, ते हळू काम करणारं औषध आहे, अटॅकमध्ये उपयोगाचं नाही. रंगावर जाऊच नका, डब्यावरचं नाव वाचा.

ज्यांना हा पंप मिळत नाही किंवा परवडत नाही त्यांनी साल्ब्युटामॉल जेव्हा जेव्हा घेतलं तेव्हा तेव्हा त्याच्या मागे बुडेसोनाइडचा साधा पंप घ्यायचा, हाही मार्ग आहे, ६ ते ११ वर्षांच्या लेकरांना बऱ्याचदा आम्ही तसंच देतो. ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत त्यामुळे किमतीवर सरकारची मर्यादा आहे, जनऔषधी दुकानात आधी विचारा.

स्टिरॉइड हा शब्द ऐकून तुम्ही दचकला असाल. बुडेसोनाइडच्या एका पफमध्ये २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा, आणि तोही छातीत. गावोगाव दम्याच्या म्हणून ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात त्यात कुटलेलं स्टिरॉइड निघतं, तिथं हिशोब मिलिग्रॅममध्ये असतो आणि रोजचा असतो. तोंड सुजून गोल झालेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या, साखर वाढलेल्या बाया मी त्या पुड्यांमुळे पाहिल्या, पंपामुळे नाही. पंपाने फार तर घसा बसतो किंवा तोंडात पांढरी बुरशी येते, त्यावर उपाय एकच, पफनंतर चूळ भरून थुंकायची.

आता एक काम करा, पोरीला तुमच्यासमोर पंप घ्यायला लावा. दहातले सात-आठ लोक माझ्यासमोर चुकीचा घेतात. कोणी तोंड उघडून लांबून अत्तर मारल्यासारखा मारतो, कोणी आधी दाबतो आणि मग श्वास घेतो, औषध जिभेवर आणि पांढरा ढग तोंडाबाहेर. तो ढग दिसला की समजायचं पफ वाया गेला. एका आजोबांनी तर रोटाकॅप, म्हणजे यंत्रात टाकून आतली पावडर श्वासाने ओढायच्या कॅप्सूल, महिनाभर पाण्यासोबत गिळल्या होत्या, कॅप्सूल दिसली तर माणूस गिळणारच ना, त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. 

पंप असा घ्यायचा. टोपी काढायची, पाच-सहा वेळा जोरात हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. पंप ओठात घट्ट धरायचा, हळू श्वास आत ओढायला सुरुवात करायची आणि त्याच क्षणी एकदा दाबायचं, ओढणं थांबवायचं नाही, छाती भरेपर्यंत हळूहळू ओढायचं. मग तोंड मिटून मनात दहा आकडे मोजायचे. दुसरा पफ लगेच नाही, अर्धा-एक मिनिट थांबून, परत हलवून. हे जुळवणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून स्पेसर वापरा, तो प्लॅस्टिकचा फुगीर डबा, त्यात औषध थांबतं आणि आपण आरामात ओढू शकतो. स्पेसर नसेल तर ५०० मिलीची पाण्याची बाटली चालते, हे जुगाड म्हणून सांगत नाही, दक्षिण आफ्रिकेत लेकरांवर याचा रीतसर अभ्यास झाला, १९९९ मध्ये, आणि बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चांगली निघाली. मी दवाखान्यात करून देतो. तार वाकवून पंपाच्या तोंडाच्या मापाचं कडं करायचं, गॅसवर लाल करायचं, बाटलीच्या बुडाला टेकवायचं, भोक पडल्याबरोबर प्लॅस्टिक नरम असतानाच पंप आत दाबायचा म्हणजे कड घट्ट बसते, हवा सुटत नाही. बाटलीच्या तोंडाला आपलं तोंड. स्पेसर असो की बाटली, साबणाच्या पाण्यात बुडवून तशीच वाळू द्यायची, फडक्याने पुसायची नाही, पुसलं की प्लॅस्टिकवर वीज धरते आणि औषध आतल्या बाजूला चिकटून बसतं.

रोटाहेलर, म्हणजे त्या पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर पद्धत उलटी, तिथं श्वास जोरात आणि खोल ओढायचा, हळू ओढला तर पावडर कॅप्सूलमध्येच राहते. ओढून झाल्यावर उघडून पाहायचं, पावडर उरली असेल तर परत ओढायची. पावसाळ्यात या कॅप्सूल ओलाव्याने चिकट होतात, डब्याचं झाकण पक्कं लावा.

आणि उन्हाळा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि लोक पंप मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा टिनाच्या छपराखाली खिडकीत ठेवतात. त्यावर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, जास्त तापला तर फुटू शकतो. माठाच्या बाजूच्या फळीवर ठेवा, सावलीत. फ्रीजमध्ये नको.

आता धावण्याबद्दल. थंड कोरडी हवा भराभर तोंडाने आत गेली की नळी आवळते, म्हणून तिला शेवटच्या २०० मीटरला होतं आणि म्हणूनच डिसेंबरच्या पहाटे जास्त होतं. त्यात पहाटे पाचला मुलं हायवेच्या कडेने धावतात, बाजूला कोणीतरी पऱ्हाटी नाहीतर कुटार पेटवलेलं असतं, तो धूर जमिनीलगत बसलेला. जमलं तर थंडीत संध्याकाळी धावू द्या, नाहीतर नाका-तोंडावर पातळ रुमाल. धावण्याआधी १०-१५ मिनिटं वॉर्मअप, त्यात चार-पाच वेळा थोडं थोडं अंतर जोरात पळायचं. आणि वॉर्मअपच्या आधी तोच फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडचा एक पफ घेतला तरी चालतं. पंप घेऊन धावणं म्हणजे लबाडी नाही हेही तिला सांगा, ठरलेल्या मर्यादेत श्वासातून घेतलेलं साल्ब्युटामॉल आणि फॉर्मोटेरॉल ऑलिम्पिकच्या खेळाडूंनासुद्धा चालतं. याने ताकद वाढत नाही, तिचीच आहे ती वापरता येते.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट पक्की करा, हा दमाच आहे ना. तपासणीला ती बसलेली असताना छाती साफ वाजेल, फुंकायची टेस्ट पण नॉर्मल येऊ शकते. ही फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामला करून घ्या, त्यात साल्ब्युटामॉल देऊन १५ मिनिटांनी परत फुंकायला लावतात, आकडा १२ टक्के आणि २०० मिलीने वाढला तर दम्याच्या बाजूने जातं. ते जमेपर्यंत एक पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकायचं छोटं यंत्र घ्या, फार महाग नाही, धावायच्या आधी फुंकायचं आणि धावल्यावर ५, १०, १५ मिनिटांनी फुंकायचं. १५ टक्क्यांच्या वर घसरण झाली तर शंका पक्की होत जाते. 

हे एवढं यासाठी लिहितो की आपल्या भागात धाप लागायची कारणं पुष्कळ आहेत. पोरींचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असतं आणि आपण पंप देत बसतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात भरपूर आहे, एकदा तरी तपासून घ्या, विशेषतः एवढी मेहनत करायची आहे तर, सिकलचा वाहक असलेल्याने उन्हात, पाणी न पिता जीव तोडून धावू नये. हत्तीरोगाचे जंतू आपल्या नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात आहेत आणि त्यांच्यामुळे काही लोकांना रात्रीचा खोकला आणि घरघर अगदी दम्यासारखी होते, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ३००० च्या वर जातात, त्याला हत्तीरोगावरच्या डीईसीच्या गोळ्या लागतात, पंप नाही. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला कोणाचाही असो, टीबीसाठी थुंकी तपासायचीच.

घरातलं वातावरण पाहा. कूलर मार्चमध्ये काढता तेव्हा मागच्या वर्षीची ताटी तशीच लावू नका, तिच्यात बुरशी धरलेली असते. थ्रेशरजवळ, सरकी भरताना, गाजर गवत उपटताना पोरीला पाठवू नका, गेलीच तर ओला रुमाल. चूल असेल तर निदान ती ज्या खोलीत झोपते तिथं धूर नको. आणि फवारणी, हे सगळ्या घराला सांगतो. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळने फवारणीच्या विषबाधेत माणसं गमावली आहेत. फवारणीनंतर छाती भरली, तोंडाला पाणी सुटलं, डोळ्याची बाहुली बारीक झाली, घाम फुटला, तर तो दमा समजून पंप मारत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल, औषधाचा डबा सोबत न्या.

औषधांमध्येही एक-दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्यांनी अटॅक येतो. मायग्रेनला किंवा धडधडीला देतात ते प्रोप्रॅनोलॉल दम्यात नकोच. आणि आजीच्या काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब पोरीच्या डोळ्यात घालू नका, हसण्यासारखी गोष्ट नाही, डोळ्यात घातलेल्या थेंबाने सुद्धा छाती आवळते.

अटॅक मोठा झाला हे कसं ओळखायचं. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडतात, ओठ काळे-निळे दिसतात, गुंगी येते. आणि घरघर एकदम बंद झाली पण माणूस थकलेलाच आहे, हे सगळ्यात वाईट, म्हणजे हवाच जात नाही. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत हातात जो आराम देणारा पंप आहे तो द्या, साल्ब्युटामॉल असेल तर स्पेसरमधून एकेक करून ४ ते १० पफ, दर २० मिनिटांनी. बसवून ठेवा, आडवं करू नका.

आजीला माझा नमस्कार सांगा. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला लोक जातात, मृगात हैदराबादला मासोळी गिळायला जातात, मी कोणाला अडवत नाही, श्रद्धेचा विषय आहे. फक्त पंप खिशात ठेवून जा आणि तिथं कोणी पंप फेकून दे म्हटलं तर ऐकू नका. कोजागिरीनंतरच्या आठवड्यात पंप बंद करून अटॅकमध्ये आलेले लोक मी दरवर्षी पाहतो.

आणि लग्न. भाऊ, तुम्ही हे शेवटी विचारलं पण मला वाटते तुमच्या मनात हेच पहिलं आहे. माझ्याकडे लग्न होऊन आलेल्या सुना येतात, माहेरी सांगितलेलं असतं की सासरी कळू देऊ नको. त्या पंप पेटीत साड्यांच्या खाली ठेवतात, रात्री त्रास झाला तर उठून बाथरूममध्ये जाऊन घेतात, संपला तर आणायला कोणाला सांगू शकत नाहीत. मग दिवस जातात, कोणीतरी म्हणते गरोदरपणात औषध नको, ती गपचूप बंद करते, आणि सातव्या महिन्यात अर्ध्या रात्री तिला बंडीवर नाहीतर कोणाच्या तरी गाडीत घालून आणतात. गरोदरपणात हा पंप चालतो, अटॅक चालत नाही, पोटातल्या बाळाला आईचाच ऑक्सिजन असतो. लपवून केलेलं लग्न हे पोरीच्या जिवावर येतं, म्हणून सोयरिकीच्या बैठकीतच सांगून टाका, पोरीला हलका दमा आहे, पंप आहे, ८०० मीटर धावते. ज्यांना नको त्यांना तिथंच नको म्हणू द्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा पोरीला सोबत न्या, तिचा निळा पंप न्या, किती दिवसात किती पफ झाले ते एका कागदावर लिहून न्या, आणि त्यांना विचारा की फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइड लागेल तेव्हा घेतलं तर चालेल का. घरी असलेला निळा पंप फेकू नका, त्यावरची तारीख पाहा, आणि बरेच दिवस वापरला नसेल तर तोंडात घेण्याआधी दोन पफ हवेत सोडून पाहा, फवारा येतो का.